फुकटाची ऊब

उबेच्या बाबतीत आमच्या मामंजींएवढा चिक्कू माणूस सोलापुरात दुसरा झाला नाही, आणि एका गावाला एक पुरे. माझे हे सासरे जन्मभर गिरणीच्या बॉयलरवर कोळसा मारायचे. मालकाच्या कोळशावर अंग असं लाडावलं होतं की काम सुटल्यावर त्यांना दसऱ्यापासूनच हुडहुडी भरायची. पण घरातलं सरपण पडलं स्वतःच्या पैशाचं. चुलीत एक काटकी जास्त गेली की चटका यांच्या काळजाला. ऊब हवी, जाळ नको, असा त्यांचा हट्ट, आणि तो पुरवता पुरवता आम्ही जेरीस आलो.

भाकऱ्या झाल्या की निखारे विझायच्या आत सगळ्यांनी चुलीभोवती बसायचं. दार उघडलं की "ऊब जाती, ऊब जाती" म्हणून ओरडायचे. एकदा गिरणीचा भोंगा झाला तरी आमच्या यांना बाहेर सोडलं नाही, यांचा खाडा पडला. दुपारी वाकळा उन्हात तापवायच्या, गरम आहेत तोवर दुमडून ट्रंकेत कोंबायच्या आणि ट्रंकेवर स्वतः बसायचं. मी म्हटलं, "मामंजी, वर कशाला बसलाय?" तर म्हणाले, "झाकणातनं ऊन निसटतंय की." रात्री वाकळा थंडगारच निघायच्या. "तूच मधी उघडून बघितली असशील," म्हणायचे. पाहुणा आला की त्याला दाराच्या फटीपाशी बसवायचे. माझ्या नणंदेचे सांगोल्याचे सासरे अंगानं चांगले भरलेले, त्यांच्यावर तर मामंजींचा फार जीव. दर थंडीत चार दिवस राहायला या म्हणून निरोप धाडायचे. बिचाऱ्यांना वाटायचं, काय ही माया! एका वर्षी ते वाळून आले, तेव्हा मामंजींनी चहासुद्धा विचारला नाही.

पण त्यांची खरी मिरास म्हणजे भिंत. दोन खोल्यांची ती जागा भाड्यानं घेताना त्यांनी ना पाणी बघितलं ना उजेड. बघितली ती पलीकडची भडभुंज्याची भट्टी. तो दिवसभर फुटाणे-चुरमुरे भाजायचा आणि आमची भिंत सकाळपर्यंत कोमट राहायची. आम्ही सगळे तिला पाठ लावून पालींसारखे निजायचो. उन्हाळ्यातही ती भिंत तापायचीच. तेव्हा मामंजी मारुतीच्या देवळात जाऊन निजायचे आणि आम्ही आत भाजून निघायचो.

पौषात मी माहेरी मोडनिंबला जाणार होते. त्याआधीच आठव्या महिन्यात सोलापुरात मोकळी झाले. मुलगी. ओंजळीत मावेल एवढी. सुईण म्हणाली, बाजेखाली रात्रंदिवस शेगडी पाहिजे. मामंजींनी बाज भिंतीला लावली आणि म्हणाले, "शेगडी न् बिगडी कशाला? ही भिंत हाय की!"

"म्हाताऱ्या, भिंत शेकती व्हय बाळंतिणीला?"

"हात लावून बघ आधी, मग तोंड चालीव."

सुईणीनं हात लावला आणि पोरीला आणखी भिंतीकडं सरकवलं. मला राग आला, पण खरं ते खरं, भिंतीनं पोरीला धरलं. ती दूध ओढायला लागली. मामंजी गल्लीभर मिशीला पीळ देत फिरले.

मग अमावास्या आली. आमच्याकडं अवसेला भट्टी पेटत नाही, लाकडाची वखार उघडत नाही. जन्म याच गावात गेलेल्या माणसाला हे नवं नव्हतं. पण फुकट मिळतंय म्हटल्यावर त्यांची अक्कलही फुकटच जायची. घरात सरपण रोजच्यापुरतं, वर एक काडी नाही. दुपार कलली, भिंत गार पडली. पोरीचे पाय गार झाले आणि तिनं दूध सोडलं. मामंजी पलीकडं धावले. भडभुंज्याचा आवाज मला बाजेवर ऐकू येत होता.

"अवस हाय, म्हातारबा. माझ्या बापानं कधी पेटवली न्हाय."

"माझी नात गार पडली रं! घमेलंभर निखारं तरी दे!"

"कालची राख हाय. ती देऊ का?"

शेजारणीनं गोवऱ्या आणल्या, तर सुईण म्हणाली, "धूर नगं, तान्हं गुदमरंल. बाभळीचा निखारा आणा कुटनं तरी."

आमच्या घरात बाभूळ होती. माळ्यावर, गोणपाटाखाली, वर्षानुवर्षं साठवलेली. तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती, कारण ती मामंजींच्या चितेसाठी होती. एकदा कुणाच्या तरी मयताला ओली लाकडं मिळाली आणि चिता नुसतीच धुपली. तेव्हापासून मामंजींनी धसका घेतला होता. बॉयलरवाल्याची चिता धुपली तर सारी गिरणी हसेल, म्हणायचे.

ते परत आले आणि शिडी लावून वर चढले. पहिला ओंडका खाली पडला तशा सासूबाई किंचाळल्या, "अवो, मसणातली लाकडं बाळंतिणीच्या खोलीत? आन् ती बी अवसेला? डोकं फिरलंय काय तुमचं?"

"मसणात गेली हुती का ती? माळ्यावर हुती."

"पर ठिवली कशासाठी हुती?"

"ते मला ठावं, लाकडाला ठावं न्हाय. हो बाजूला!"

अंगणात त्यांनी स्वतः जाळ केला, त्याला फुंकर घालत बसले आणि लाल निखारे शेगडीत भरून माझ्या खोलीच्या पडद्याखालून आत सरकवले. दिवेलागणीला पोरीनं लाथ झाडली, मग रडली, मग दूध मागितलं. पडद्याबाहेरून आवाज आला, "आता पेटलंच हाय तर समदी या शेकायला! वाया घालवू नगा!"

त्या दिवसापासून बाजेखालची शेगडी विझली नाही. पोरीनं अंग धरेपर्यंत माळा रिकामा झाला. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा एकेक ओंडका जमवायला घेतला, पण तेवढं आयुष्य उरलं नव्हतं. वैशाखात गेले. माळ्यावर गोणपाटाखाली जेमतेम दोन ओंडके निघाले. आमचे हे वखारीकडं निघाले, तेव्हा मी त्यांना दारात थांबवलं. म्हटलं, "कोरडी बघून आणा. आन् आज घासाघीस करू नका."

यांनी केली नाही.