ओट्याला सोडलेलं मार्जिन

टेलर मास्तरांनी जन्मात कधी हातोडा हातात धरला नव्हता म्हटलं तरी चालेल. मशीनचा पट्टा चढवायचा, सुईचा स्क्रू आवळायचा, एवढाच काय तो त्यांचा लोखंडाशी संबंध. आणि या माणसानं वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, एका सोमवारी सकाळी शर्टाच्या बाह्या सारल्या, तोंडाला अस्तराचं कापड बांधलं आणि घरातला स्वयंपाकाचा ओटा फोडायला घेतला. आवाज ऐकून शेजारीपाजारी म्हणाले, बायको घरात नाही म्हणून म्हातारा चळला. तसं काही नव्हतं. बायको घरात परत यावी म्हणूनच तर हे चाललं होतं.

झालं होतं ते असं. मास्तरांचं घर जुनं. पुढच्या खोलीत दुकान, तिथे मशीन आणि कटिंगचं टेबल. त्यामागे लगेच स्वयंपाकघर, तेही एक पायरी खाली. जुन्या घरांना ही खोडच असते, एक खोली दुसरीच्या पातळीत असेल तर शपथ. चाळीस वर्षं मास्तरीणबाई ती पायरी डोळे मिटून उतरत होत्या, आणि एक दिवस हातात भरलेलं पातेलं असताना पाय सटकला. मांडीचं हाड मोडलं. त्यांनी हाका मारल्या. मास्तर मशीनवर पँटींच्या शिवणी मारत होते, खडखडाटात त्यांना काहीही ऐकू आलं नाही. अर्ध्या तासानं चहाला उठले तेव्हा बायको ओल्या फरशीवर पडलेली दिसली.

ऑपरेशन झालं आणि लेकीनं आईला सरळ आपल्या घरी नेलं. लेक वाईट नाही हो, उलट आईबापांसाठी जीव टाकणारी. पण दवाखान्याच्या जिन्यात ती एकदाच बोलून गेली, "तुम्ही दहा पावलांवर होतात, बाबा." तिनं ते पुन्हा कधी काढलं नाही. मास्तरांना मात्र रोज मशीनवर बसलं की तेच आठवायचं. मग त्यांचा पाय मध्येच थांबायचा आणि ते स्वयंपाकघराकडे कान लावून बसायचे. तिकडे होतं कोण ऐकू यायला!

दोन महिन्यांनी लेक म्हणाली, "आई आता इथेच राहील. तुम्हीही या. त्या घरात तिला उभंही राहता येणार नाही, आणि ओटा आहे छातीएवढा."

"तिला विचार," मास्तर म्हणाले.

मास्तरीणबाई चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. लेक आत गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "ही पोर माझं सगळं करते हो. पण इथे मला घोटभर पाणी तापवायचं तरी कुणाला तरी सांगावं लागतं. मला माझ्या ओट्यापाशी जायचंय."

आता सांगा, यावर नवऱ्यानं काय करावं? मास्तरांनी लेकीला तिथल्या तिथे सांगून टाकलं की, हिच्या खुर्चीच्या मापाचा ओटा करतो. लेकीनं डोक्याला हात लावला. पण तिनंही रास्त तेच ठरवलं. दीड महिन्यानं रविवारी ती आईला घेऊन येणार, स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. आईला तिथे धड काम करता आलं तर तिला तिथेच ठेवायचं. नाहीतर घराला कुलूप, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.

मास्तरांनी आधी तयार किचन बसवणाऱ्या एका माणसाला बोलावलं होतं, नाही असं नाही. तो गुळगुळीत पानांचं पुस्तक घेऊन आला आणि म्हणाला, "काका, चौतीस इंच. सगळीकडे हाच साइज जातो."

"माझी बायको सगळीकडे बसत नाही," मास्तर म्हणाले. "ती खुर्चीत बसते."

"साइज बदलत नाही, काका. रेडिमेड असतं ना हे."

झालं. रेडिमेड हा शब्द मास्तरांसमोर काढायचा म्हणजे सापाच्या शेपटीवर पाय. ज्या रेडिमेडनं आयुष्यभर त्यांची गिऱ्हाइकं पळवली, ते आता स्वयंपाकघरातही शिरायला निघालं होतं. त्यांनी त्या माणसाला चहा पाजला, दारापर्यंत सोडलं आणि स्वतःच कंबर कसली.

सगळ्यात आधी अर्थातच माप. मास्तर टेप, पेन्सिल आणि मापाची वही घेऊन लेकीकडे गेले.

"अहो, मला काय कोट शिवताय?" मास्तरीणबाई हसल्या.

"गप बस. हात कोपरात वाकव."

खुर्चीत बसून कोपर जमिनीपासून सत्तावीस इंच. गुडघा किती वर येतो, हात पुढे किती पोचतो, बाजूला किती, सगळं त्यांनी घेतलं. गंमत म्हणजे चाळीस वर्षांत त्यांनी बायकोचं माप वहीत कधी लिहिलंच नव्हतं, ते हातातच होतं. आता टेप लावली आणि हाताला कळलं की ती हातातली बाई ही नव्हे. खांदे उतरले होते, पाठीला पोक आलं होतं. त्यांनी वहीत आकडे लिहिले, खाली नेहमीप्रमाणे तारीख टाकली आणि टोपी नीट करायच्या निमित्तानं डोळे पुसले.

मग सुरू झालं ते फोडकाम. चार दिवसांत ओटा खाली आला आणि मास्तरांची पाठ धरली. ओट्यामागे नळाचा पाइप इतका गंजला होता की हात लावला तर पापुद्रे सुटत होते. प्लंबरला बोलवावं लागलं, बाकी राडारोडा मात्र त्यांनी एकट्यानं उचलला, तोही जुन्या पँटींच्या कापडाच्या पिशव्या शिवून, दुहेरी शिलाई मारून. त्या दिवसांत घराची काय दशा होती म्हणता! शेगडी कटिंगच्या टेबलावर, भांडी न्हाणीघरात, धूळ तर चहाच्या कपातसुद्धा. एका गिऱ्हाइकाचा नवा कोरा शर्ट सिमेंटच्या हातानं उचलला गेला आणि तो पुन्हा शिवून द्यावा लागला. नाकी नऊ आले त्यांच्या. पण एक गोष्ट मास्तरांनी चोख केली. कापड कापण्याआधी कच्च्या टाक्यांवर ट्रायल घ्यायची, हा त्यांचा नेम. त्यांनी खोक्यांचे पुठ्ठे आणले, मोठ्या सुईनं टाके घालून पुठ्ठ्याचा आख्खा ओटा उभा केला, शेजाऱ्याची खुर्ची मागून आणली आणि स्वतः तिच्यात बसून खोटे खोटे कांदे चिरून पाहिले. शेजारीण खिडकीतून बघत होती. तिचं मत आणखी पक्कं झालं.

ओट्याखाली लोखंडी सांगाडा करायचा होता. वेल्डर त्यांचं जुनं गिऱ्हाईक. मास्तर म्हणाले, "पाय साधे नकोत. पाइपात पाइप घाल. आतल्याला इंचाइंचावर सात भोकं पाड आणि बोल्ट लाव."

"कशाला? ओटा काय रोज वरखाली करणार आहात?"

"असू दे रे. सवय आहे."

प्लंबरनंही तोंड वाकडं केलं. सिंकखालचा नळीचा पाइप मास्तरांनी लांबच्या लांब ठेवायला लावला होता, तो खाली वेटोळं घालून बसला होता. प्लंबर म्हणाला, दिसायला घाण दिसतं. मास्तर म्हणाले, दिसू दे.

एवढं सगळं करून मास्तर फसले कुठे, तर दगडात. भिंतीपासून भिंतीपर्यंत सात फूट. ग्रॅनाइटवाल्याला त्यांनी चिठ्ठीवर माप लिहून दिलं, आणि हात कसा चालला देव जाणे, दोन्ही बाजूंना दीड दीड इंच शिवणीचं मार्जिन धरून दिलं! पन्नास वर्षांची सवय. कापडाचं माप लिहिलं की पेन्सिल आपोआप जास्तीचं लिहायची. चौघांनी घाम गाळत तो काळा दगड आत आणला. एक टोक भिंतीला लावलं तर दुसरं टोक भिंतीवर चढून बसलं.

ग्रॅनाइटवाल्यानं चिठ्ठी पाहिली, दगड पाहिला, मास्तरांकडे पाहिलं. "काका, हा दुमडायचा होता का आत?"

सगळे खो खो हसले. मास्तरही हसले, पण चेहरा पडला होता. दगड परत गेला, तीन इंच कापून यायला आठवडा लागला, आणि ही बातमी लेकीच्या कानावर गेलीच. तिनं फोन केला. "बाबा, हे आपलं काम नाही. कशाला जिवाला त्रास करून घेताय?" आवाजात राग नव्हता, काळजी होती, आणि त्यानंच मास्तर जास्त खचले. रविवार नऊ दिवसांवर आला होता. दुपारभर ते फुटक्या भिंतीसमोर बसून राहिले. मग उठले आणि मशीन आणि ओटा यांच्यामधली विटांची भिंत छातीएवढ्या उंचीवर फोडायला लागले. तिथे एक खिडकी पाडली. गज नाहीत, झडप नाही, नुसती मोकळी खिडकी. मशीनवर बसलं की समोर ओटा दिसला पाहिजे. पायरीच्या जागी त्यांनी सिमेंटचा उतार केला, त्यावर खडबडीत फरशी बसवली. शनिवारी दगड चढला, शेगडी लागली, सिंकमध्ये पाणी आलं. कोपऱ्यातल्या दोन टाइल्स तिरक्या होत्या, त्या राहिल्या.

रविवारी सकाळी लेकीची गाडी आली. लेकीनं खुर्ची उतारावरून हळूहळू आत नेली. मास्तरीणबाई ओट्याला भिडल्या. गुडघे खाली छान गेले, हात शेगडीपर्यंत पोचला, नळापर्यंत पोचला, डबे हाताशी होते. मास्तर गळ्यात टेप अडकवून दाराशी उभे होते. लेकीनं प्रत्येक गोष्ट हलवून पाहिली, खिडकीतून वाकून मशीनकडे पाहिलं. मग तिनं बापाच्या खांद्यावरची धूळ झटकली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात मास्तरीणबाई म्हणाल्या, "सगळं छान आहे. पण बसून नाही करणार मी."

आणि ओट्याची कड धरून त्या उभ्या राहिल्या. मग एक हात सोडला.

"आई!" लेक पुढे धावली. "तू हे कधीपासून?"

"दुपारी तुम्ही सगळे कामाला गेलात की दाराला धरून करायचे. व्यायाम घ्यायला येते ना, त्या मुलीनं शिकवलं. नीट जमल्यावर सांगणार होते."

त्यांनी सुरी उचलली, एक कांदा पुढे ओढला आणि वाकल्या. सत्तावीस इंचांच्या ओट्यावर उभ्या माणसाला वाकावंच लागतं. दोन फोडी झाल्या आणि त्यांचा चेहरा कळवळला. ते लेकीनं पाहिलं आणि मास्तरांनीही पाहिलं.

"बाबा," लेक हळू आवाजात म्हणाली, "हे आता परत फोडायचं का?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि बायकोजवळ गेले. "सरळ उभी राहा. हात कोपरात वाकव." कोपर छत्तीस इंच. उभ्यानं काम करायचं तर ओटा त्याखाली तीन, म्हणजे तेहतीस. खांदे वर आले होते, पोक निम्मं गेलं होतं. हाताला ओळखीचं माणूस लागलं.

"माप चुकलं होतं का?" लेकीनं विचारलं.

"माप बरोबर होतं. त्या दिवसाचं होतं." ते खाली बसले आणि ओट्याच्या पायाचा बोल्ट चाचपला. "सहा इंच मार्जिन आहे आत. उचलायला काहीतरी हवं."

लेक गाडीकडे गेली आणि चाक बदलायचा जॅक घेऊन आली. साडी खोचून बापाशेजारी जमिनीवर बसली. शेगडी उतरवली, आणि एकेक पाय, एकेक इंच करत दोघांनी ओटा वर चढवला. सिंकखालचं वेटोळं सुटत सुटत सरळ झालं. शेवटच्या भोकात बोल्ट बसला तेव्हा मार्जिन सगळं संपलं होतं. मास्तरांनी कटिंगच्या टेबलापाशी असलेलं स्वतःचं उंच स्टूल आणून ओट्याशी ठेवलं, दमली की टेकायला.

"मी उभी राहीन असं डॉक्टरसुद्धा म्हणाले नव्हते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कुणी नाही. पोरांच्या पँटींना खाली जास्तीचं कापड दुमडून ठेवतो की नाही मी? तसं ठेवलं."

"मी काय आता वाढत्या अंगाची आहे?"

"वही बघ की. सत्तावीस होतीस, छत्तीस झालीस."

लेक हसता हसता रडायला लागली. मग डोळे पुसत बाहेर गेली आणि गाडीतून आईच्या कपड्यांची बॅग काढून आणली. ती तिनं गुपचूप बरोबर आणली होती. दुपारी जाताना तिनं वाकून आईला नमस्कार केला, आणि बापाला म्हणाली, "टाइल्स दोन तिरक्या आहेत हं, बाबा."

ती गेल्यावर मास्तर मशीनवर बसले. कापड सुईखाली सरकवलं, पाय पॅडलवर ठेवला, पण चालवेना. कान खिडकीकडे होते. पलीकडे नळ सुरू झाला, बंद झाला, सुरीचा आवाज येऊ लागला.

सुरी थांबली. खिडकीतून मास्तरीणबाईंनी पाहिलं.

"शिवा आता," त्या म्हणाल्या. "ऐकू येतंय तुम्हाला. मी इथेच उभी आहे."

मास्तरांनी मान हलवली आणि मशीन सुरू केलं.