सहा डब्यांचा एकच आजार

"हे तुला जमायचं नाही" असं कुणी म्हटलं की कोकिळाच्या अंगात येतं. मग ती जेवत नाही, बसत नाही आणि दुसऱ्यालाही बसू देत नाही. वेळशेत गावात एसटी स्टँडसमोर तिचं झेरॉक्सचं दुकान. सातबारा काढायचा, आधारला मोबाईल जोडायचा, होमस्टेवाल्यांचे "उकडीचे मोदक मिळतील" असले बोर्ड छापायचे, सगळं तिच्याकडे. गिऱ्हाईक जास्त बोलायला लागलं की ती प्रिंटरकडे बघून म्हणते, "शाई कमी हाय, शब्द बेतानं वापरा."

शाळा तिनं आठवीत सोडली. म्हणजे झालं असं, की गणिताच्या मास्तरांनी फळ्यावर उदाहरण चुकवलं आणि हिनं भर वर्गात ते सांगितलं. मास्तर म्हणाले, "बाहेर हो." ती बाहेर झाली ती झालीच. बाप अंबाजी भाताच्या लावणीत अडकलेला, त्याला चार दिवसांनी पत्ता लागला. मोठी झाल्यावर न्हावा शेवाला एका कंटेनर यार्डात गेटवर कामाला लागली. तिथला कॉम्प्युटर दर आठवड्याला आजारी पडायचा आणि एक माणूस पेनड्राईव्ह घेऊन त्याला बरा करायला यायचा. कोकिळा त्याच्या मागं उभी राहून बघायची. चौथ्या वेळी तो आला तेव्हा कॉम्प्युटर चालू होता आणि ही खुर्चीत बसून शेंगदाणे खात होती.

लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टीम, तिनं असंच अंगावर घेतलं. पहिल्यांदा पिशवीत कांदे टाकावेत तशी तिची फाईल पेनड्राईव्हमध्ये टाकली आणि दुपारभर मशीनसमोर वाट बघत बसली. काय नाय झालं. मग कळलं की फाईल नुसती टाकायची नसते, वेगळ्या सॉफ्टवेअरनं पेनड्राईव्हवर उतरवायची असते, तेव्हाच मशीन त्याच्यावरून चालू होतं. ही चूक ती कुणाला सांगत नाही. आपल्याला माहिती आहे ते सोडा.

तर यंदा दिवाळीच्या तोंडावर शाळेच्या कमिटीची बैठक झाली. शाळेत सहा कॉम्प्युटर, कुणीतरी कंपनीनं दान दिलेले. विंडोज टेनचा जमाना संपला, आता त्याचे अपडेट यायचे नाहीत, ही बातमी अध्यक्ष यज्ञेश्वरकाकांनी मोबाईलवर वाचली आणि ठराव मांडला, सहाच्या सहा भंगारात. काकांची नारळी-पोफळीची मोठी वाडी, गावात शब्द चालतो. पण त्यांची सख्खी पुतणी मैथिली त्याच शाळेत शिक्षिका आणि कोकिळाची पहिलीपासूनची बाकावरची मैत्रीण. ती उठून म्हणाली, "काका, लिनक्स टाकलं तर हेच कॉम्प्युटर अजून पाच वर्षं चालतील. फुकट असतं ते. कोकिळा टाकून देईल."

"कोण? आठवीतून पळालेली?" काका हसले. "फणस फोडावा तशी फोडून ठेवील ती मशीनं."

"नाही फोडणार. मी शब्द देते."

"ठीक. सोमवारी अकराला भंगारवाल्या चिरागचा टेम्पो येतोय. त्याच्या आधी एक तरी मशीन चालवून दाखवा. नाहीतर टेम्पो भरायचा आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

पण काका स्वतः तो विषय काढणार, हे मैथिलीला पक्कं माहीत होतं. एकाच घरात राहतात दोघं. ताटावर बसले की पहिल्या घासाला कोकिळा आणि शेवटच्या घासाला लिनक्स. पुढची दहा वर्षं.

सोमवारी आठ वाजता कोकिळानं स्कूटी शाळेच्या पायरीला लावली. पोरांना सुट्टी, शाळा रिकामी. मैथिलीनं कॉम्प्युटरच्या खोलीचं कुलूप काढलं. टेबलांवर सहा काळे डबे ओळीनं उभे. पेनड्राईव्ह खुपसायची भोकं डब्यांच्या डोक्यावर. मागंही होती, पण खाऱ्या हवेनं हिरवी पडलेली.

"अर्ध्या तासाचं काम," कोकिळा म्हणाली. "तू चहा सांग."

पहिल्या डब्याला पेनड्राईव्ह लावला, चालू करता करता एफ-बारा दाबलं, यादीतून पेनड्राईव्ह निवडला. लिनक्सचं चित्र आलं. खाली ठिपके फिरले. मैथिलीनं टाळी वाजवायला हात उचलले आणि पडदा काळा झाला. वरून खाली पांढऱ्या अक्षरांचा पाऊस. वाचता येत नाही, वाचता येत नाही, वाचता येत नाही.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय पेनड्राईव्ह वाचता येत न्हाय. अडाणी हाय."

दुसरा पेनड्राईव्ह लावला. हा थोडा पुढं जाऊन आपटला. मग कोकिळा आत सेटिंगमध्ये शिरली. बाहेरची सिस्टीम अडवणारं कुलूप असतं ते बंद केलं, यादीत पेनड्राईव्ह पहिल्या नंबरावर आणला. परत चालू, परत अक्षरांचा पाऊस. चहा आला, गार झाला, त्यात मुंगी पडली.

"फाईलच खराब उतरली असंल," म्हणत ती स्कूटीवरून दुकानात पळाली. फाईल तपासली, चोख. तोच पेनड्राईव्ह दुकानाच्या कॉम्प्युटरला लावला, तर लोण्यात सुरी जावी तसा सुरू झाला. आता तर तिचं डोकंच फिरलं. परत शाळेत आली, दुसऱ्या डब्याला लावला, तिसऱ्याला, चौथ्याला. सहाही तिथंच येऊन आपटले.

साडेनऊ झाले.

"कोके, राहू दे," मैथिली म्हणाली. "मी काकांना सांगते, माझंच चुकलं."

"तू काय सांगनार न्हायस. तुला जेवताना कोन बोललेलं मला चालायचं न्हाय." कोकिळा बाकावर मांडी घालून बसली. "मला येक सांग. लग्नाला गेलेल्या सहा जणांना येकदम हगवण लागली, तर डॉक्टर पयलं काय विचारतो?"

"शी! काय खाल्लंत, असं विचारतो."

"मग या सहा जणांनी येकदम काय खाल्लं?"

"यांना कोण काय घालणार? वर्षभर कुलपात असतात. बिलं करायला एखादा चालू करतो तेवढाच. बाकी दसऱ्याला उघडतो, पूजेला."

कोकिळानं हळूच हातातला पेनड्राईव्ह डोळ्यांसमोर धरला. त्याचं पत्र्याचं नाक लालबुंद होतं.

"पूजा कोन करतं?"

"काका. दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. हळद-कुंकू, फूल, आणि मूठभर अक्षता. प्रत्येकाच्या डोक्यावर."

"डोक्यावर," कोकिळा म्हणाली. मोबाईलची बॅटरी लावून ती पहिल्या डब्यावर ओणवी झाली. आत वाकून बघितलं आणि इतक्या मोठ्यानं हसली की कौलांवरची कबुतरं उडाली. "अगं मैथे, ह्ये भोक न्हाय, देव्हारा हाय! बारा दसऱ्यांचा साठा हाय आत!"

तिनं आधी डब्याची वायर काढली. मग मैथिलीच्या खांद्यावरची पदराची पिनच काढून घेतली. मैथिली एका हातानं पदर धरून उभी. पहिली अक्षता निघाली, मग दुसरी. तिसरी तिरकी अडकलेली, ती हट्टाला पेटली. मैथिली वाकून फुंकर मारायला गेली तर कोकिळानं तिच्या तोंडावर हात ठेवला.

"थुंकी जाईल आत. गप ऱ्हा."

नऊ अक्षता निघाल्या, एक झेंडूची पाकळी, आणि कुंकवाचा दमट हवेनं धरलेला थर. प्रिंटर साफ करायचा ब्रश स्कूटीच्या डिकीत होता, त्यानं आतल्या पट्ट्या सोनेरी होईपर्यंत घासल्या. आता कळलं. पेनड्राईव्ह आत जायचा, पण पुरता टेकायचा नाही. दिवा लागायचा, चार अक्षरं वाचायचा आणि हात सुटायचा.

दहा चाळीसला डबा परत चालू केला. चित्र आलं, ठिपके फिरले, आणि निळा पडदा उघडला तो उघडाच राहिला. मैथिलीनं टाळी वाजवली आणि पदर सुटला.

मशीन प्रश्न विचारायला लागलं. तुम्ही कुठं राहता? "यादीत मुंबई न्हाय, अलिबाग तर न्हायच. आख्ख्या भारताला कोलकाताच म्हनतोय," कोकिळा पुटपुटली. "चल, कोलकाता तर कोलकाता." कॉम्प्युटरचं नाव काय ठेवू? तिनं टाईप केलं, मैथिली.

"माझं नाव कशाला?"

"शब्द कुनी दिलेला?"

बारा टक्के, तीस टक्के, बावन्न टक्के. तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. यज्ञेश्वरकाका छत्री टेकत आत आले, मागून भंगारवाला चिराग, हातात सुतळीचं भेंडोळं.

"चालो बेन, कितना डबा छे?" चिराग म्हणाला.

"थांब रे. बासष्ट टक्के झालंय."

"टक्के नकोत, मशीन दाखव," काका म्हणाले. "घड्याळ बघ. अकराला चार कमी."

"काका, चार मिनिटं तरी बसा. उभ्यानं टक्के वाढत न्हाईत."

काका बसले नाहीत. चिराग बसला. चौघंही त्या हिरव्या पट्टीकडे बघत राहिले. अकराला शाळेच्या घड्याळानं ठोके दिले तेव्हा पट्टी नव्व्याण्णववर अडून बसली. काकांनी चिरागकडे बघून हनुवटी हलवली. चिराग उठला, सुतळी सोडली, आणि मशीन म्हणालं, झालं, आता पेनड्राईव्ह काढा.

"काढलास की बंद पडेल," काका म्हणाले.

कोकिळानं पेनड्राईव्ह उपटला आणि काकांच्याच हातात दिला. "धरा. आता तुमच्याकडं हाय. मशीनकडं काय न्हाय."

एंटर दाबलं. पडदा काळा झाला. मग निळा पडदा आला, वर घड्याळ, कोपऱ्यात नाव.

काका खुर्ची ओढून बसले. माऊस इकडे-तिकडे फिरवला. मग आवाज खाली आणून विचारलं, "यात पत्त्यांचा खेळ असतो का?"

"असतो."

"हं." काकांनी घसा खाकरला. "चिराग, टेम्पो रिकामाच ने." आणि मग कोकिळाकडे वळून, "पण बिघडलं काय होतं? तीन तास काय करत होतात?"

मैथिलीनं मागून कोकिळाच्या दंडाला चिमटा काढला. कोकिळाला चिमटा कळला. पण तोंड तिचं कुणाचं ऐकत नाही. निघालेल्या अक्षता बांधून ठेवलेली कागदाची पुडी तिनं उघडून काकांच्या पुढ्यात धरली.

"ह्ये खाल्लेलं त्यानं. तुमच्या हातचं."

काकांनी पुडीकडे बघितलं. मग डब्याच्या डोक्याकडे. चिरागला हसू आवरेना, तो सुतळी तोंडाला लावून दाराकडे वळला.

"यातली एखादी पायदळी नाही ना पडली?" काकांनी विचारलं.

"येक पन न्हाय. मोजून हायत."

"बाकीच्या पाचात?"

"त्यांच्यातबी दसरा हाय."

काकांनी खिशातून वाचायचा चष्मा काढला, उपरण्याच्या टोकानं पुसला आणि डोळ्यांवर चढवला. "आण ती पिन. मी वाहिलेली आहे, मीच उतरवणार. केरात गेलेली मला चालायची नाही."

दारातून चिरागचं डोकं आत आलं. हसू गेलेलं. "बेन, ऐकाय. लक्ष्मीपूजनला दरसाल माझी बा, आई माझी, लॅपटॉपवर कुंकूनो साथियो काढते, तुमचा स्वस्तिक. आता माऊस लागत नाय. मी भंगारमां टाकनार होतो."

"तुझा नंबर सातवा," कोकिळा म्हणाली. "घेऊन ये."

दुसऱ्या डब्याची वायर तिनं काढून ठेवली. काका ओणवे झाले, मैथिलीनं पदर खोचून हाताची ओंजळ खाली धरली, कोकिळानं बॅटरी दाखवली.

"हळू, काका. सोनेरी पट्टी दिसली की थांबायचं."

"मला शिकवू नकोस."

"बरं. पन पिन उलटी धरलीय."

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि पिन फिरवून धरली.