नेरूळच्या चिखलातला कोळसुंदा

नेरूळला रानफूल बघायला जायचंय? मग आधी साठेक वर्षं मागे जा. आता तिथे इमारती फुलल्यात, त्याही बारमाही.

मी गेलो तो साठ-बासष्टच्या सुमाराला, बी.एस्सी.ला असताना. हौसेने नाही हो! पाण्या-चिखलात उगवणारी, वर्षभरात आटोपणारी एक वनस्पती सोमवारपर्यंत मुळासकट आणून अचूक ओळखायची, नाहीतर प्रॅक्टिकलला बसू देणार नाही, असा सरांचा दम होता. माझ्या आधीच्या दोन ‘अचूक’ ओळखी त्यांनी वर्गात मोठ्याने वाचून दाखवल्या होत्या.

रविवारी ठाण्याहून एसटी धरली. भाडं रुपयाच्या आत, धूळ फुकट. बेलापूरला उतरून दिवाळे गावावरून पायी निघालो. वाटेत खाणावळ शोधू नका. वाळत्या बोंबलांच्या वासावरच जेवण भागवा.

नेरूळच्या तळ्यात फूल दिसलं. जांभळं, सुरेख आणि नेमकं गुडघाभर चिखलात. माझ्या पायात नवे कॅनव्हासचे बूट. विज्ञानासाठी बूट घालवावेत का, यावर मी काठावर उभं राहून बराच वेळ चिंतन केलं.

शेजारच्या शेतात भात कापणारी एक बाई, सोनीबाई म्हणायचे तिला, विळा थांबवून बघत होती. “काय हरवलाय रं तुजा?”

“त्या वनस्पतीची ओळख पटवायचीये.”

“ओलख कसली? कोलसुंदा हाय तो! पावसाल्यान कवला पाला आमी भाजीला खातांव.”

“गावठी नावं चालत नाहीत, बाई,” मी अक्कल पाजळली.

ती खो खो हसली, सरळ चिखलात उतरली आणि झाड मुळासकट उपटून आणलं. तिच्या हातभर ओरखडे. “गाठी-गाठीला सा काटं हान. मोज, मंग विसरनार नाय.”

मी कुठला मोजतोय! एसटी चुकली असती ना.

घरी झाड कागदात दाबायला घेतलं, तर काटे टीपकागद फाडायला लागले. मग काय, कात्रीने एकेक काटा शिस्तीत छाटला. आईने लगोलग केर काढला. झाड कसं सपाट, देखणं बसलं! मग वनस्पती ओळखायचं पुस्तक उघडलं. पहिलाच प्रश्न: पेरांवर काटे आहेत का? किती? कपाळावर हात मारून घेतला.

सोमवारी सरांनी भिंग लावलं. “काटे कुठायत?”

“छाटले, सर.” वर्ग फिदीफिदी हसला.

“किती होते?”

“दर पेराला सहा.”

“स्वतः मोजलेस?”

“हो, सर,” मी ठणकावून सांगितलं.

“शाब्बास! निरीक्षण म्हणतात ते हे!”

कागदाच्या तळाशी त्यांनी लिहायला लावलं: गोळा करणारा, मी. ओळखणारा, मी. चिखलात पाय न घातलेला, एक काटा न मोजलेला मी! पास झालो. पुढे तीस वर्षं हाच विषय शिकवला, मुलांना निरीक्षणाचे डोस पाजले.

अजून लाज वाटते. सोनीबाईचं नाव लिहायला एक ओळ पुरली असती. आणि जागा होती हो त्या कागदावर, चांगली वीतभर.