दमानं येणारा पॉझिट्रॉन

चाकणपासून तळेगावापर्यंत माझ्या नणंदेइतकी संथ बाई सापडायची नाही आणि तिच्याइतकी हुशारही, पैज लावते. आमच्या रस्त्यावर कंटेनरसुद्धा शिफ्ट गाठायला पळतात, हिची स्कूटर मात्र वीसच्या पुढं जात नाही. मागून हॉर्न वाजले की म्हणते, "वाजवू दे की वैनी, दम न्हाई त्यांना." चपात्या करायला बसवली तर पोळपाटावर पीठ पसरून रेणूचं, म्हणजे अणूंच्या जुडग्याचं, चित्र काढते, इकडं तवा जळतो. हळदीकुंकवाला आलेल्या शेजारणीनं भाबडेपणानं विचारलं, "ताई, कोणत्या कंपनीत?" झालं! वाण हातात धरून बिचारी तासभर नणंदेच्या पीएचडीतला पॉझिट्रॉन ऐकत बसली. रोज जेवताना ऐकून मला तर पाठच झालंय. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलट्या भाराचा जुळा. दोघं भेटले की दोघंही नाहीसे, मागं उरतात नुसते गॅमा किरण. सुसाट आला तर रेणूजवळून निघून जातो. दमानं आला तर रेणू थरथरतो, त्याला क्षणभर धरून ठेवतो, अन् तेवढ्यात त्याची रेणूतल्या इलेक्ट्रॉनशी गाठ पडते.

सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, हे पटतंय असं कधी दिसलं नाही. "पोरगी करती काय एवढी वर्षं?" असं भावकीत कुणी विचारलं की ते ताटावरून उठायचे. नणंदेला पदवीची फिकीर नव्हती. आप्पांना एकदा कळावं, एवढाच ध्यास. पीएचडीची शेवटची मुलाखत सर्वांसाठी खुली असते, असं पत्रात होतं. आप्पांनी ते 'सर्वांसाठी' मनावर घेतलं. साखरपुड्याला निघावं तशी अख्खी भावकी टेम्पोत! चुलत सासऱ्यांनी तर सुटाबुटातल्या परीक्षकांना सुरुवातीलाच फेटा बांधला, आणि त्या भल्या माणसानं फेट्यातच परीक्षा घेतली.

शेवटी परीक्षकांनी विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?" आप्पा उठले.

"व्हय. पोरी, तू म्हनतीस त्यो जल्मतो सुसाट. मग त्याला दमानं चालाया लावतं कोण?"

अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं हा माणूस जेवताना सगळं ऐकत होता!

नणंद सारं इंग्रजी विसरली. "आप्पा, लई धडका खातो वो त्यो. वायूच्या रेणूंवर आदळतो, दर धडकंला थोडा जोर सोडतो. मंगच त्याला कुनी धरू शकतं."

"आत्ता कळलं," आप्पा म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसत खाली बसले. ती तिथंच, सगळ्यांदेखत, हमसून रडली.

आता ती परदेशातल्या प्रयोगशाळेत असते. आप्पा पारावर भेटेल त्याला पॉझिट्रॉन समजावतात, चुकलं तर मी दुरुस्त करते. अभिमानानं ऊर भरून येतो हो. पण जेवायला बसलं की तिच्या बडबडीवाचून घर फार सुनं वाटतं.