वरच्या मजल्यावरची परवानगी

चष्म्याच्या दुकानात काचा बसवणाऱ्या काकूंनी साठीत स्वतःचं पहिलं गाणं रेकॉर्ड केलं. चाल त्यांची, शब्द नणंदेचे. गाणं इंटरनेटवर टाकायचं तर गीतकाराची लेखी परवानगी हवी होती, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नणंदेशी सहा वर्षं अबोला होता. शेवटी काकू कागद घेऊन जिना चढल्या.

"वन्सं, इथे सही हवी."

"करते. पण दुसऱ्या कडव्यात 'वारा' नाही, 'वाट' आहे. सहा वर्षं खालून चुकीचं ऐकतेय."

"मग सांगायचं ना!"

"बोलत कुठे होतो आपण?"

काकूंना हसू आवरेना. गाणं पुन्हा रेकॉर्ड झालं. नणंद समोरच खुर्ची टाकून बसली होती आणि तिने काकूंना चौदा वेळा थांबवलं.