यादीतला दुसरा प्रिंटर

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी कॉम्प्युटर सुरू केला, तेव्हा माझ्या हातातल्या कागदावर पाच ओळी होत्या. एकशे अडतीस पानं छापणं. पानं क्रमानं लावणं. ताईंचा डबा. अकराची औरंगाबादची बस. पाचच्या आत विद्यापीठ. प्रत्येक ओळीपुढं वेळ लिहिलेली होती आणि सगळ्या वेळा एका गोष्टीवर टांगलेल्या होत्या. आमच्याकडं भोकरदनला त्या दिवसांत सकाळी दहाला लाईट जायची, ती दोनला यायची.

ताई म्हणजे माझ्या नणंदबाई, यांच्याहून चार वर्षांनी लहान. सासर सोडून एक सुटकेस घेऊन त्या आमच्याकडं आल्या, त्याला तीन वर्षं झाली होती. जालन्याच्या एका कॉलेजात त्या तासावर मराठी शिकवायच्या. एम.फिल. झालं की जागा कायम करू, असं संस्थेनं तोंडी कबूल केलेलं. भोकरदन तालुक्यातल्या बायकांच्या तोंडचे शेतीचे शब्द, हा त्यांचा विषय. प्रबंध द्यायची मुदत एकदा वाढवून मिळाली होती. ती त्या दिवशी पाचला संपत होती आणि पुन्हा वाढणार नव्हती.

बाहेर कुठं छापून घ्यायची सोय नव्हती. आमचा मराठी फॉन्ट दुसऱ्या कुणाच्या मशीनवर नसायचा. प्रबंधाची फाईल एकदा औरंगाबादच्या दुकानात उघडली, तेव्हा पानभर चौकोन आणि प्रश्नचिन्हं आली होती. म्हणून एक प्रत घरी काढायची, तिच्या झेरॉक्स आणि बांधणी तिकडं, असं ठरलेलं. कॉम्प्युटर आणि प्रिंटर मी शाळेच्या प्रश्नपत्रिका करायला घेतले होते.

हे सगळं नवमीलाच उरकलं असतं. मार्गदर्शक सरांच्या शेवटच्या दुरुस्त्या ताईंनी नवमीच्या दुपारी पूर्ण केल्या. तेवढ्यात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या. खंडेनवमीला आमच्याकडं विळे, खुरपी, शिलाई मशीन, दुकानातला तराजू, सगळं देवापुढं मांडतात आणि दसऱ्यापर्यंत त्याला कामाला लावत नाहीत.

"ज्याच्यावर पोट चालतं ते समदं देवापुढं पायजे," त्या म्हणाल्या. "हे डबडं काय पाव्हनं हाय?"

मी हिशेब केला, दसऱ्यानंतर एक दिवस उरतो, पुरेल. यांनी वायरी काढल्या, कॉम्प्युटरचा डबा आणि प्रिंटर पाटावर ठेवले. दसऱ्याला संध्याकाळी यांनीच ते परत टेबलावर मांडले, पण सोनं द्यायला येणारी माणसं रात्रीपर्यंत येत राहिली आणि छपाई सकाळवर गेली.

तर कॉम्प्युटर सुरू झाल्यावर मी छपाईची आज्ञा दिली. प्रिंटरवरचा हिरवा दिवा लागलेला होता, कागद भरलेला होता. काही हललं नाही. परत दिली. पडद्याच्या कोपऱ्यात प्रिंटरचं बारकं चित्र आलं आणि तिथंच बसलं. तिसऱ्यांदा दिली. प्रिंटर बंद केला, दहा आकडे मोजले, सुरू केला, चौथ्यांदा दिली.

ताई शेजारी उभ्या होत्या. आंघोळ करून, साडीला पिना लावून, जायच्या तयारीत.

मग मी कॉम्प्युटरमधली प्रिंटरांची यादी उघडली. त्यात दोन प्रिंटर होते.

घरात काय आहे आणि किती आहे, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. कपाटाच्या दाराला आतून यादीच चिकटवलेली आहे. आमच्या घरात प्रिंटर एक होता. पडद्यावर दोन होते, एकाच नावाचे, एकाच चेहऱ्याचे. फक्त दुसऱ्याच्या पुढं 'कॉपी १' असं लिहिलेलं.

"बरं झालं," हे मागून म्हणाले. "एकावर एक फुकट."

"तुम्ही जरा गप बसता का?"

मला वाटलं, कॉपी म्हणजे खोटा, दुसरं काय? दोघांच्या भांडणात पानं अडकली असतील. मी कॉपीवर बोट ठेवलं आणि तो काढून टाकला. खरं म्हणजे यादीतली नको असलेली ओळ खोडल्याचं समाधानसुद्धा झालं. कॉम्प्युटर बंद करून परत सुरू केला. आमचा कॉम्प्युटर उठायला पाच मिनिटं घ्यायचा.

उठल्या उठल्या पडद्यावर निरोप आला, नवीन यंत्र सापडलं आहे. त्यानं सीडी मागितली. सीडी कपाटात, दुसऱ्या कप्प्यात होती, ती घातली. तो कुरकुरत राहिला. संपल्यावर यादी उघडली, तर दुसरा परत जागेवर. रांगेतली पानं तशीच, प्रिंटर मुका.

घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"काढलं तरी येऊन राह्यलं," आत्याबाई दारातून म्हणाल्या. "बाहेरचं असन काही."

"माय, बाहेरचं काय असतंय प्रिंटरात?" हे म्हणाले.

"मंग तू सांग घरातलं काय हाय ते."

ताई खुर्चीवर बसल्या. "वहिनी, राहू द्या," असं त्या हळूच म्हणाल्या. "न्हाई झालं तर न्हाई." आणि लगेच उठून स्वयंपाकघरात गेल्या. पाण्याचा तांब्या खाली ठेवल्याचा आवाज मोठा आला.

मी जालन्याच्या ज्या माणसाकडून मशीन जोडून घेतलं होतं, त्याच्या घरी फोन लावला. सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला. तो झोपेतून उठून आला होता.

"म्याडम, प्रिंटर किती हायेत तुमच्याकडं?"

"एक."

"मंग यादीत दोन कसे?"

"तेच तुम्हाला विचारतेय."

"मागचं वायर काढलं होतं का कुणी?"

मी फोनवर हात ठेवून यांना विचारलं. "काढलं होतं, पण बराबर लावलं जसंच्या तसं," हे म्हणाले. मी तेच पुढं सांगितलं.

"जसंच्या तसं लावलं असन तर प्रिंटर गेला म्याडम. घेऊन या इकडं. पण आज दुकान उघडणार न्हाई."

फोन ठेवला. आठ वाजून बावीस मिनिटं. प्रिंटर गेला असेल, तर मला करण्यासारखं काहीच उरत नव्हतं. पण गेला असेल, तर मशीनला आज सकाळी नवीन यंत्र कुठून सापडलं? मेलेलं यंत्र सापडतं कसं? तो मशीनला कुठल्या तरी वाटेनं दिसत होता. मी कॉम्प्युटर बंद केला, टेबल भिंतीपासून ओढलं, टॉर्च घेतली आणि मागं शिरले.

डब्याच्या पाठीला चपट्या तोंडाच्या वायरीसाठी दोन भोकं होती, एकावर एक. प्रिंटरची वायर वरच्यात होती. खालच्या भोकात काहीतरी लाल चमकलं. मी डोळा जवळ नेला. कुंकू लावलेला तांदळाचा दाणा, आणि त्याच्या मागं अर्धा आणखी एक. आत्याबाईंनी अक्षता हात सैल सोडून टाकलेल्या.

"अहो, इकडं या."

हे गुडघ्यावर बसले आणि भोकात डोकावून बघितलं.

"खालच्यात जात नव्हती वायर," मग म्हणाले. "म्हणून वरच्यात लावली. भोक तर सारखंच हाय ना."

"मग मघाशी बराबर लावली म्हणालात ते?"

"बराबरच लावली की. घट्ट बसली."

मला ओरडायचं होतं, वेळ नव्हता. आता सगळं जुळत होतं. आपल्याला दोन्ही भोकं सारखी, मशीनला नव्हती. वरच्या भोकातला प्रिंटर त्याला नवखा वाटला, त्याचं त्यानं नवीन नाव मांडलं. खालच्या भोकातला जुना प्रिंटर आता कुठंच नव्हता, तरी त्याचं नाव खोडलं नव्हतं आणि मशीन पानं त्यालाच पाठवत होतं. चालता होता तो कॉपी, आणि मी त्यालाच काढला होता. वरच्या भोकाला लागलेल्या त्या कॉपीला पानं पाठवली असती, तरी चाललं असतं, हे मला फार पुढं कळलं. तेव्हा एकच सुचलं, जसं होतं तसं करायचं.

केसातली पिन काढली. पहिला दाणा सहज आला. अर्धा आत ढकलला गेला. ताई येऊन टॉर्च धरून बसल्या होत्या.

"ताई, उजेड जरा खाली."

"हो."

तिरकी पिन घालून तो कडेनं ओढला आणि तळहातावर घेतला. फुंकर घातली, वायर खाली लावली, मशीन सुरू केलं. परत ती पाच मिनिटं. नऊला पंधरा कमी असताना प्रिंटर खणखणला आणि पहिलं पान बाहेर आलं. ताईंच्या तोंडून आवाज निघाला. मग परत पहिलंच पान आलं.

सकाळपासून दिलेल्या चारही आज्ञा रांगेत उभ्या होत्या; पहिली एका पानावर अडकली आणि दुसरीनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एकशे अडतीस चोक पानं, आणि शाईची डबी एकच. मी तीन आज्ञा रद्द केल्या. एक राहिली का, हे दोनदा बघितलं. तिसरं आलेलं पान दुसरं पान होतं. मग खुर्चीत बसले.

मिनिटाला दोनच्या आतबाहेर पानं येत होती. हे कागद भरत होते, ताई आलेली पानं क्रमानं लावत होत्या. बारावं पान आणि साठावं पान अडकलं, दोन्ही वेळेला यांनी दार उघडून कागद ओढून काढला. आत्याबाईंनी डबा भरला, गाठोडं बांधलं. दहाला पाच कमी असताना, एकशे अठ्ठाविसावं पान अर्धं बाहेर असताना पंखा थांबला.

राहिली होती संदर्भसूची. दहा पानं आणि हे अर्धं.

"बस सोडा, दोनला लाईट येईल," हे म्हणाले.

"दोनला निघून पाचला बांधणी होते का?" ताई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "वहिनी, कोरे कागद द्या. आखीव न्हाई, कोरे. आणि तुमचा काळा पेन."

सूचीची मूळ वही त्यांच्याजवळ होती. पाऊण तासात त्यांनी सहा पानं लिहिली, टेबलावर, खिडकीच्या उजेडात, छापल्यासारखी सरळ ओळ. मी शेजारी बसून वहीतली नोंद वाचत होते, त्या लिहीत होत्या. उरलेली पानं बांधणीच्या दुकानात बसून लिहीन म्हणाल्या. पावणेअकराला यांनी त्यांना स्कूटरवर स्टँडला सोडलं.

त्यानंतर घरात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी आणि आत्याबाईंनी मिळून शेवग्याच्या शेंगा सोलल्या. "एवढा एक दाणा," आत्याबाई एकदाच म्हणाल्या. चूक त्यांची होती, यांची होती आणि माझी होती. एक दिवस पुरेल, हे मीच ठरवलं होतं.

दोनला लाईट आली. साडेचार वाजले, पाच वाजले. मी फोनपाशीच होते. सव्वापाचला वाजला. मागं रिक्षांचा आवाज होता.

"घेतला, वहिनी. हातानं लिहिलेली पानं बघून क्लार्क नाराज झाला. म्हणला, हे असं चालत न्हाई. मी म्हणलं, नियमात कुठं लिहिलंय ते दाखवा. त्यानं खूप शोधलं."

"मग?"

"मंग शिक्का मारला." मग त्या म्हणाल्या, "पावतीवर त्यानं माझ्या नावाआधी सौ. लिहिलं होतं. मी खोडायला लावलं."

"त्यानं खोडलं?"

"दोनदा खोडलं. आता नुसतं नाव हाय."