इनेसबायची दुधाची टोपली

इनेसबायला भाईंदरजवळच्या आमच्या डोंगरी गावात सगळे हट्टी म्हणायचे. होतीच ती हट्टी! मी तिच्या शेजारची, आठवड्यातून एकदा तरी आमचं वाजायचंच. पण तिच्याकडे कुणी बोट दाखवलं की माझं डोकं फिरतं, आजही.

महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. सून बाळंतपणात गेली. मुलगा सांतान बोटीवर खलाशी. पोरीचं नाव जुडिथ ठेवा, एवढं त्याने कळवलं, मग पत्रंच बंद झाली. घरात इनेसबाय, एक म्हैस आणि ती तान्ही पोर. "तो येईस्तवर हिला जगवायची," इनेसबाय म्हणायची, "मंग मी मेली तरी चालंल."

भाईंदरच्या डॉक्टरने तिला बजावलं होतं, दूध चांगलं उकळून द्यायचं, कच्चं नाही. बस्स! इनेसबायने ते असं धरलं की विचारू नका. पहाटे उकळीवर उकळी काढायची. मग कापणीला जाताना पोर कडेवर आणि दुधाचा तांब्या टोपलीत, भोवती पेंढा, वरून गोधडी. शेतात चूल कुठली? दुपारपर्यंत दूध कोमट राहायला हवं, म्हणून ही तजवीज. आमच्याकडे पेजसुद्धा अशीच ठेवत. "गरम हाय तवर दुधाला काय व्हतंय?" ती म्हणायची, आणि आम्ही सगळ्या माना डोलवायचो.

पोरगी ओकायला लागली. मग जुलाब. इनेसबाय दूध चाखून बघायची. आंबट? मुळीच नाही. वासही नाही. नासलेलं दूध आंबट लागतं, एवढंच आम्हाला ठाऊक. मग आणखी उकळ, आणखी पेंढा, आणखी एक गोधडी.

कुणी म्हणालं, म्हशीला नजर लागलीय. मेल्यांना दुसरं सुचतं काय! पण तिने म्हैस विकली, लेकीसारखी वाढवलेली म्हैस, आणि पलीकडच्या परशुरामच्या गोठ्यातून दूध आणू लागली. तेही त्याच तांब्यात, त्याच टोपलीत. पोरगी सुकत चालली, डोळे खोल गेले.

शेवटी बैलगाडीत घालून आम्ही दोघींनी तिला भाईंदरला नेलं. डॉक्टरने पोरीला तपासलं, दुधाचं सगळं खोदून खोदून विचारलं आणि कपाळाला हात लावला.

"बाई, उकळल्याने बाकीचे जंतू मरतात. पण काही जंतू बियाण्यासारखे असतात. मातीत, पेंढ्यात, गोठ्यात, कुठेही. त्यांचं कवच जाड, उकळलं तरी मरत नाहीत, नुसते पडून राहतात. नंतर दूध बराच वेळ कोमट राहिलं की त्यांना मोड येतात."

इनेसबायचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिला लगेच कळलं. पेरणीआधी आम्ही भात भिजवतो, पेंढ्यात गुंडाळून दाबून ठेवतो, ऊब धरली की मोड फुटतात. दर वर्षी ती स्वतः हे करायची.

"म्हंजे मीच मोड आणिले," ती म्हणाली. "माज्या हातानं."

मी भडकले. "आधी का नाही सांगितलंत? उकळा म्हणालात, उकळल्यावर काय करायचं ते कोण सांगणार, तुमचा बाप?" डॉक्टर पोरीसाठी औषध बांधू लागला. त्यालाही वाईट वाटलं असणार, पण ते घेऊन मी काय करू! जुडिथने गाडीतच, वाटेतलं मोर्वा गाव यायच्या आत, मान टाकली.

गावात सगळे म्हणाले नजर, नशीब, देवाची मर्जी. मी इनेसबायला शंभरदा समजावलं, सांतान आला की हेच सांग. त्याने ते मानलं असतं गो! 

लढाई संपली आणि सांतान आला. दारातूनच त्याने पोरीला हाक मारली. इनेसबायने त्याला ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. टोपली, पेंढा, गोधडी, डॉक्टर काय म्हणाला ते. एक शब्द गाळला नाही. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आय, तू माज्याशी खोटं का न्हाय बोलली?"

  सांतान पुन्हा बोटीवर गेला, आणि इनेसबाय जिवंत होती तोवर काही परत आला नाही.